सीनेच्या काठानं संगमापर्यंत : मे महिन्यातला एक दिवस

आमचा गट आठ जणांचा. दर महिन्याला एक रविवार चालायचं, एवढंच ठरलेलं. आजवर उन्हाळ्यात सुट्टी घ्यायचो. या वेळी मेच्या दुसऱ्या आठवड्यातच निघालो. संगमाच्या दहा-अकरा किलोमीटर अलीकडं टेम्पोतून उतरलो आणि सीनेच्या काठाकाठानं हत्तरसंग कुडलला गेलो. तिथं सीना भीमेला मिळते. सोलापूरच्या उन्हात कुणी चालतं का, असं घरोघरी ऐकावं लागलं. म्हणून बरोबर आलेल्या प्रत्येकाला विनंती आहे : तुम्हाला दिसला तो दिवस इथं लिहा. सगळं सांगायची गरज नाही, मनात राहिलं ते लिहा. मोठ्यांपासून सुरुवात करू.

निवृत्त शिक्षक, वय 67

सव्वापाचला पाय उचलले. उसाला पाणी सुरू होतं, मोटारीचा आवाज आणि मध्येच टिटवी. उन्हाळ्यात नदी आटलेली असते म्हणतात, पण सीना सगळीकडं सारखी आटत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या मागं पाणी तुंबलेलं होतं, त्यात बगळे आणि एक खंड्या. बंधारा ओलांडला की नुसते खडक आणि वाळलेलं शेवाळ. वरच्या अंगाला नांगरून टाकलेली काळी रानं. एका भेगेत मी काठी घातली, दोन वीत आत गेली. आमच्याकडं रान तापू देतात ते याचसाठी, उन्हानं तण आणि किडे मरतात.

एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला गेल्या पावसाळ्यातली सुगरणीची घरटी लटकत होती. बावीस मोजली. काही अर्धवट सोडलेली, कारण मादीला पसंत पडलं नाही तर नर ते तसंच टाकून दुसरं विणायला घेतो. हिरवळ असती तर ही घरटी मला दिसलीच नसती.

दुकानदार

एकच सांगतो. वेडी बाभूळ. काटा बुटाच्या तळव्यातून आरपार आला. पातळ तळव्याचे बूट घालून नदीकाठी जाऊ नका.

गृहिणी, जुळे सोलापूर

मी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदे घेतले होते. उन्हात पोळी-भाजी आंबते, कडक भाकरीला काही होत नाही. आठच्या सुमारास एका वस्तीवर थांबलो. तिथल्या आजी कन्नड बोलणाऱ्या. लिंबाखाली घोंगडं अंथरलं आणि म्हणाल्या, "नीर कुडीरि." पाणी प्या. माठ ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. आमच्यातल्या कुणाला धड कन्नड येत नाही, पण त्या काय म्हणत होत्या ते सगळं कळत होतं. मी भाकरी पुढं केली तर त्यांनी आतून मोगाभर ताक आणलं, जिरं आणि मीठ घातलेलं. निघताना मी पाया पडले. त्या माझ्या डोक्यावरचा पदर पुढं ओढत म्हणाल्या, "बिसिल भाळ ऐतरी." ऊन फार आहे. माझी आई असंच करायची. पुढचा अर्धा तास मी कुणाशी बोलले नाही.

चक्कर आलेली मी

लपवण्यासारखं काही नाही, म्हणून लिहिते. आजींकडं आमचा तासभर गेला, तो मलाही हवाच होता. पण दहाच्या आत पोचायचं ठरलेलं आणि साडेदहाला आम्ही अजून तीन किलोमीटर मागं. पाणी मी भरपूर पीत होते, साधं पाणी. आधी पोटऱ्यांत गोळे आले, मग डोकं ठणकायला लागलं, मग समोरची वाट पांढरी दिसायला लागली. आमच्यात एक परिचारिका ताई आहेत. त्यांनी मला चिंचेखाली आडवं केलं, पाय उंच ठेवले, काकांचं उपरणं भिजवून मानेवर आणि काखेत लावलं. त्यांच्या पिशवीत बाटली तयार होती : लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घामातून मीठ जातं, साध्या पाण्यानं ते भरून येत नाही. घोट घोट पाजलं, पाऊण तासानं उठले. घाम बंद होऊन अंग तापलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी सगळ्यांना तिथंच समजावलं. मी एकटीनं आले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

कॉलेजातली, गटात सगळ्यात लहान

संगमेश्वराच्या देवळाशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मी पाण्याची बाटली फरशीवर उभी केली. साडेबाराच्या जरा आधी तिची सावली जवळजवळ नाहीशीच झाली! मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, हे पुस्तकात वाचलं होतं, स्वतः पहिल्यांदा पाहिलं.

मग आत गेलो. दगडी गारवा. तुळईवर शके 940 चा लेख आहे, म्हणजे इसवी सन 1018. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली ओळ : 'वाछि तो विजेया होऐवा', वाचील तो विजयी होईल. मान वर करून मी अक्षर अक्षर लावत होते. हजार वर्षांपूर्वीचं मराठी आणि मला कळतंय! मी मोठ्यानं वाचलं, मावशी म्हणाल्या, "पुन्हा वाच गं." त्या आत्ताच चक्कर येऊन उठल्या होत्या. मी तीनदा वाचलं. बाहेर 359 मुखं कोरलेलं शिवलिंगही पाहिलं, पण माझं मन त्या ओळीपाशीच होतं.

भीमाकाठी वाढलेला

माझं गाव वरच्या अंगाला, भीमेवर. सोलापूरला प्यायला उजनीतून नदीत पाणी सोडायचे, ते औजच्या बंधाऱ्यापर्यंत यायला दिवस लागायचे. पाणी आलं की आम्ही पोरं काठावर धावायचो, पुढं कचरा आणि फेस, मागून लोंढा. वडिलांनी मला भोपळा बांधून पोहायला शिकवलं तेव्हा पायाखाली वाळूच वाळू असायची. आता वाळू उपसून ठिकठिकाणी खड्डे केलेत, वरून पाणी सपाट दिसतं. माझ्या वर्गातला एक मित्र अशाच खड्ड्यात गेला. माझ्या मुलाला मी तरणतलावात शिकवलं, नदीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पाचला टेम्पो आला. त्याआधी संगमावर मी पँट दुमडून पाण्यात उतरलो, काठी पुढं टेकवत. सात पावलं वाळू लागली. आठव्या पावलाला काठी खाली टेकलीच नाही. तिथूनच परत फिरलो.