‘व्हीएआरने गोल रद्द केला’ हे मराठीत बरोबर आहे का?

फुटबॉलच्या बातम्यांत ‘व्हीएआरने गोल रद्द केला’, ‘व्हीएआरने पेनल्टी दिली’ असं सर्रास छापून येतं. (व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारा सहायक.) नियमात तर अंतिम निर्णय मैदानावरच्या रेफरीचाच असतो. मग हा प्रयोग चूकच ना? आणि व्हीएआरनं मध्ये पडण्यासाठी नियमात जी अट आहे, त्या ‘क्लिअर अँड ऑब्व्हिअस एरर’ला मराठीत काय म्हणावं? ‘स्पष्ट व उघड त्रुटी’ वाचलं की सरकारी परिपत्रक हातात घेतल्यासारखं वाटतं.

————

‘ढळढळीत चूक’ म्हणा. दोन विशेषणांचं काम एकात होतं. ‘धडधडीत’ नको, तो शब्द खोटं बोलण्याला चिकटलाय आणि त्यात हेतूचा वास येतो. (प्रेक्षक तो आरोप करतातच, आपण कशाला करा.)

पण खरी मेख विशेषण कशाला लागतं यात आहे. ढळढळीत असायला हवी ती रेफरीची चूक, मैदानावरची घटना नव्हे. व्हिडिओ कक्षातल्या माणसाला ‘ही पेनल्टी आहे का?’ असं कुणी विचारलेलंच नसतं. रेफरीचा निर्णय टिकूच शकणार नाही इतका चुकलाय का, एवढंच त्यानं बघायचं. म्हणून सारख्याच धक्क्याला एका सामन्यात पेनल्टी मिळते, दुसऱ्यात मिळत नाही आणि दोन्हीकडे व्हीएआर गप्प राहतो. हे नियमाला धरूनच आहे. आपण मात्र ‘यांच्यात सातत्य नाही’ म्हणून बोटं मोडतो. शिवाय गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दाखवणं, अशा मोजक्याच बाबींत त्याला तोंड घालता येतं.

————

पटलं, पण ऑफसाइडला (पास दिला जाताना समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, गोलजवळ असणं) ही चाळणी लावून चालत नाही. 2022च्या कतार विश्वचषकात पहिल्याच सामन्यात इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाचा गोल तिसऱ्या मिनिटाला ऑफसाइड ठरला. छताखालचे 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते. टीव्हीवर पाहणाऱ्याला पटकन काही कळण्यासारखं नव्हतं. त्यात ढळढळीत काय? तिथे ‘मोजणीत ऑफसाइड निघाला’ म्हणावं. पुढे आलेला गुडघा रेषेच्या पलीकडे असतो किंवा नसतो, त्यात मत कसलं?

————

त्याच ओघात ‘चेक’ आणि ‘रिव्ह्यू’ही वेगळे काढायला हवेत. मराठीत दोन्हींना ‘रिव्ह्यू’ लिहून मोकळे होतात. प्रत्येक गोलची तपासणी आपोआप होतेच, बहुतेकदा आपल्याला पत्ताही लागत नाही. फेरविचार मात्र चूक असावीशी वाटली तरच होतो. तपासणी म्हणजे पंचनामा आणि फेरविचार म्हणजे निकाल, असं धरलं तर घोळ होत नाही.

हा घोळ किती महागात पडतो ते 30 सप्टेंबर 2023च्या टॉटनहॅम–लिव्हरपूल सामन्यात दिसलं. लुईस दियाझच्या गोलवर मैदानात ऑफसाइडचा झेंडा वर गेला. व्हिडिओ कक्षाची समजूत अशी की मैदानात गोल दिलाय. त्यांनी रेषा आखल्या, दियाझ ऑनसाइड निघाला आणि त्यांनी कळवलं, ‘चेक कम्प्लीट’. रेफरीला त्याचा अर्थ लागला, ‘माझा ऑफसाइड कायम’. खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात कक्षात चूक कळली, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही. टॉटनहॅमनं सामना 2–1 जिंकला. रेफरींच्या संस्थेनं नंतर चूक मान्य केली आणि ध्वनिमुद्रणही लोकांसमोर ठेवलं. कॅमेरे ठीक होते, रेषाही ठीक होत्या. ‘तपासणी झाली’ या वाक्यात काय निघालं ते नाहीच, गोची तिथे झाली.

————

थोडं अवांतर. सुरुवातीच्या काळात दोन्ही संघांचा एकेक अंपायर मैदानात असे आणि त्यांचं जमलं नाही की प्रश्न बाहेरच्या माणसाकडे ‘रेफर’ होई, म्हणून तो रेफरी. 1891मध्ये रेफरी आत आला आणि अंपायर कडेच्या रेषेवर गेले. म्हणजे बाहेरच्याचा कौल घेणं फुटबॉलला नवं नाही. मराठीत अंपायरही पंच आणि रेफरीही पंच, त्यामुळे हा सगळा इतिहास आपल्याकडे पुसला जातो. फुटबॉलपुरता मी ‘रेफरी’च ठेवीन.

————

मूळ प्रश्नाकडे येतो. व्हीएआर हे यंत्राचं नाव नाही, ‘व्हिडिओ असिस्टंट रेफरी’ म्हणजे माणूस. त्यामुळे ‘व्हीएआरमध्ये बिघाड’ हे चूक, बिघाड असेल तर कॅमेऱ्यात किंवा संपर्कात. आणि तो माणूस गोल रद्द करत नाही, रेफरीला सुचवतो. ‘व्हीएआरच्या सल्ल्यावरून रेफरीनं गोल रद्द केला’ हे बिनचूक आहे.

————

मथळ्यात बसणार नाही हो ते! आणि रिप्ले बघायला मैदानाच्या कडेच्या मॉनिटरपर्यंत गेलेला रेफरी सहसा निर्णय फिरवूनच परततो, मग ‘व्हीएआरने’ म्हटलं तर ते खोटं कुठे?

————

खोटं नाही, पण त्या ‘ने’मुळे चुकला तर रेफरी सुटतो. ‘व्हीएआरनंतर गोल रद्द’ लिहा. मथळ्यात बसतं आणि गोल कुणी रद्द केला ते पहिल्या ओळीत सांगता येतं.