मत देता येत नाही, पण व्हाउचरं आली आहेत (सिअ‍ॅटल)

रेनकोटवाली

मंडळी, ग्रीन कार्ड येऊन दीड वर्ष झालं. नवरा सिटिझन आहे. त्याला निवडणुकीच्या वर्षी शहराकडून डेमॉक्रसी व्हाउचरं (आवडत्या उमेदवाराला प्रचारासाठी द्यायची, शहराच्या पैशाची कुपनं) येतात आणि तो ती पिझ्झाच्या कुपनांबरोबर रिसायकलिंगमध्ये टाकतो. ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की मतदार नसले तरी ग्रीन कार्डावर अर्ज करता येतो. केला. परवा चार व्हाउचरं आली, प्रत्येकी २५ डॉलरची, माझ्या नावाने.

सासूबाई सध्या इथे आहेत. त्यांना समजावायला गेले तर म्हणाल्या, "म्हणजे सरकार तुला पैसे देणार, ते तू उमेदवाराला देणार, आणि मत मात्र देणार नाहीस? आमच्याकडे उमेदवार पाकीट देतो, ते तरी कळतं." मला उत्तर सुचलं नाही.

काल एक मुलगा क्लिपबोर्ड घेऊन दारात आला, चारही आत्ताच द्या म्हणाला. मी आमटी गॅसवर आहे सांगून दार लावलं. दिली तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी अंगाशी येईल का? नाही दिली तर १०० डॉलर कुठे जातात? आणि मुळात हे कशासाठी चाललंय?

बॉथेलकर

पहिलं दुःख माझं. रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश, बॉथेल, म्हणजे जिथे निम्मं मराठी मंडळ राहतं, तिथे कुणालाच हे मिळत नाही. फक्त सिअ‍ॅटल शहर. आमटी कशी झाली?

जमाखर्च

मी शहराच्या उत्तर भागातल्या एका काउन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या) उमेदवाराची खजिनदार होते. बिनपगारी. आम्ही हरलो, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी भीतीचं. परकीय नागरिकांनी इथल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी गावच्यासुद्धा, पैसे देण्यावर केंद्राची बंदी आहे, पण ग्रीन कार्डवाले त्यातून वगळलेले आहेत. नागरिकत्वाच्या फॉर्मवर प्रश्न असतो तो मतदार म्हणून नोंदणी केली का, मत दिलं का, याचा. तेव्हा क्लिपबोर्डवाल्याने व्हाउचरखाली मतदार नोंदणीचा कागद सरकवला तर त्यावर सही करू नका. खरा धोका तिथे आहे. आणि व्हाउचर कुणाला दिलं हे नावानिशी जाहीर होतं, एवढं ध्यानात असू द्या.

न वापरलेल्या व्हाउचरचे पैसे योजनेतच राहतात. ते रोख नव्हेत, विकणं बेकायदा.

सासूबाईंना असं सांगा. २०१५ मध्ये लोकांनी मतदानाने ही योजना आणली, २०१७ मध्ये पहिल्यांदा वापरली. २०२५ पर्यंत त्यासाठी प्रॉपर्टी टॅक्समधून वर्षाला ३० लाख डॉलर जायचे, सरासरी घरामागे साडेअकरा डॉलर. त्याआधी उमेदवार काय करायचा? संध्याकाळी खोलीत बसून, मोठा चेक फाडू शकतील अशांना फोन. आमची बाई नोकरी करून उभी होती, असे पन्नास लोकही तिच्या ओळखीचे नव्हते. डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे वॉर्डाच्या) जागेसाठी १५० जणांकडून किमान १०-१० डॉलर आणि सह्या आणायच्या, त्यातले निम्मे तरी आपल्याच डिस्ट्रिक्टमधले, मग व्हाउचरचे पैसे सुटतात. १४१ वर आम्ही नऊ दिवस अडकलो होतो. शेवटचे नऊ तिने एका लॉन्ड्रोमॅटमध्ये कपडे वाळायची वाट बघणाऱ्यांकडून मिळवले. व्हाउचर नसती तर ती त्या लॉन्ड्रोमॅटमध्ये कशाला गेली असती?

बदल्यात उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाळावी लागते आणि जाहीर वादसभांना हजर राहावं लागतं. मर्यादा सगळ्यांवर सक्तीने घालता येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९७६ च्या बकली निकालापासून. सरकारी पैसे हवेत तरच ती स्वीकारायची.

एक सल्ला. सही अर्जावर केली तशीच करा, ती ताडून बघतात. अर्जावर मराठीत केली असेल तर व्हाउचरवरही मराठीतच. आमची कितीतरी व्हाउचरं सहीपायी परत आली.

तिरकस

माझं घर शहरातच, बॅलर्डमध्ये आहे. म्हणजे माझ्या टॅक्सने मला न पटणाऱ्या माणसाची पत्रकं माझ्याच दारात. वा!

जमाखर्च

अगदी याच मुद्द्यावर दोन घरमालक कोर्टात गेले होते. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. तुमची चिडचिड मात्र खोटी नाही. याहून मोठं भोक वेगळंच आहे: उमेदवारावर मर्यादा, पण बाहेरच्या गटांवर नाही. २०१९ मध्ये एकट्या अ‍ॅमेझॉनने व्यापारी मंडळाच्या गटाला दीड मिलियन डॉलरच्या आसपास दिले. त्या गटाचे बहुतेक उमेदवार पडले ही गोष्ट वेगळी. पण दर वेळी पडतीलच असं कोण सांगणार?

क्वीन्सकर

न्यूयॉर्कमध्ये व्हाउचर नाही, आधी आपला खिसा. १९८८ पासून योजना आहे, सुरुवातीला एकास एक, आता एकास आठ. काउन्सिलच्या उमेदवाराला मी १० डॉलर दिले की शहर ८० घालतं. माझ्या मते हे बरं. स्वतःचे १० गेले की माणूस उमेदवाराचं नाव तरी लक्षात ठेवतो. फुकटचं व्हाउचर पिझ्झाच्या कुपनांत जातं, वर पुरावा आहेच.

नवाकोरा

मी एच-वन-बी वर आहे. मला?

जमाखर्च

नाही. वर्क व्हिसावरच्या दोघांनी पैसे देण्यावरच्या त्या केंद्राच्या बंदीविरुद्ध दावा लावला होता, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यांच्या विरोधातलाच निकाल कायम ठेवला. पैसे न घेता उमेदवाराच्या प्रचारासाठी दारं वाजवायला मात्र चालतं.

क्वीन्सकर, दहा डॉलर खिशात असलेल्यांना तुमचं पटेल. आमच्या लॉन्ड्रोमॅटमधल्या एका बाईंनी पाच-पाचच्या दोन नोटा काढल्या आणि एक परत ठेवली. १५० मध्ये मोजता आल्या नाहीत. व्हाउचरं मात्र त्यांनी चारही दिली.

रेनकोटवाली

दोन दिली, एका उमेदवाराशी फुटपाथवर वीस मिनिटं भाडेवाढीवर बोलून. दोन ठेवलीत. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, नंतर म्हणाल्या, "तुझ्याकडे मत नाही हे माहीत असून तो थांबला?" आता नवऱ्याची चार रिसायकलिंगच्या डब्यातून काढली आहेत. एकावर चहाचा डाग आहे, चालेल का?

जमाखर्च

नाव, तारीख, सही वाचता येत असेल तर द्या. नाहीतर शहराकडून नवीन मागवा, पैसे पडत नाहीत. सही नवऱ्यालाच करू द्या.