हार्ट आणि बीपीमधली ट्रान्सफर एन्ट्रॉपी टिल्टला वाढते पण मनातल्या गणिताला नाही, असं का?

बीटबायबीट:
नमस्कार मंडळी, ईसीजी आणि बोटाच्या कफवरून येणारं कंटिन्युअस बीपी असे दोन सिग्नल आहेत, त्यातून दर ठोक्याचा आरआर (दोन ठोक्यांमधला वेळ) आणि सिस्टोलिक (त्या ठोक्याचं वरचं प्रेशर) काढलंय. अवस्था तीन, आडवं पडून आराम, मग टेबल 60 अंशात उभं (टिल्ट), आणि परत आडवं करून मनातल्या मनात वजाबाक्या. म्युच्युअल इन्फर्मेशन (दोन सिग्नलमधली सामाईक माहिती) काढून झाली पण ती दोन्हीकडून सारखीच येते, कोण कोणाला सांगतंय ते कळत नाही, म्हणून ट्रान्सफर एन्ट्रॉपीवर आले, म्हणजे एकाच्या मागच्या ठोक्यांवरून दुसऱ्याच्या पुढच्या ठोक्याचा अंदाज किती सुधारतो ते. आता टिल्टमध्ये सिस्टोलिककडून आरआरकडे जाणारी माहिती चांगली वाढते पण गणितात ढिम्म हलत नाही, आणि हार्ट रेट तर दोन्हीत वाढलाय! गाईड म्हणतात कोड तपास. खरंच कोडच गंडलाय का?

नाडीपरीक्षक:
मला तर रिझल्ट बरोबर वाटतोय. रेट वाढला म्हणजे दोन्ही स्ट्रेस एकच असं धरू नका. टिल्टमध्ये रक्त पायात उतरतं, हृदयाकडे परत येणारं कमी होतं, मानेतले आणि महाधमनीच्या कमानीतले बॅरोरिसेप्टर (प्रेशर ओळखणारे सेन्सर) कमी ताणले जातात, मग प्रेशर टिकवायला त्यांच्या रिफ्लेक्सला, म्हणजे बॅरोरिफ्लेक्सला, जुंपून घ्यावंच लागतं, त्यामुळे आधीच्या प्रेशरवरून पुढचा आरआर जास्त ओळखता येतो. गणितात हुकूम थेट मेंदूतून सुटतो, प्रेशर आणि रेट दोन्ही एकदमच वर, रिफ्लेक्सला फारसं कोणी विचारत नाही. छापून आलेल्या कामातही असा फरक दिसलाय.
अजून एक, टिल्टमध्ये बॅरोरिफ्लेक्स सेन्सिटिव्हिटी कमी होते, म्हणजे दर मिलिमीटर पाऱ्यामागे आरआर किती मिलिसेकंद सरकतो तो आकडा, आणि ट्रान्सफर एन्ट्रॉपी मात्र वाढते. परीक्षक इथेच पकडतात. एक गेन आहे, दुसरं म्हणजे अंदाज किती सुधारतो ते, दोन्ही एका दिशेला जायलाच पाहिजेत असं काही नाही.

शून्यलॅग:
वरचं सगळं मान्य, पण श्वासाचं काय? श्वास दोघांनाही हलवतो, आरआरलाही आणि प्रेशरलाही, आणि वजाबाकी करताना माणूस कसाही श्वास घेतो, त्यात आकडे मोठ्याने बोलायला लावले असतील तर बघायलाच नको. छातीचा बेल्ट असेल तर तो सिग्नल कंडिशनिंगला घाला, म्हणजे श्वासाचा वाटा बाजूला निघेल, नाहीतर हृदय आणि रक्तवाहिन्यांमधली म्हणून जी माहिती दाखवाल त्यातली बरीच श्वासाचीच निघेल.
आणि ठोके कसे जुळवलेत तेही लिहा. आरआर म्हणजे या आर-पीकपासून पुढच्यापर्यंत, आणि सिस्टोलिक त्याच्या पोटातलं, असं धरलं असेल तर तेच प्रेशर त्याच आरआरवर परिणाम करू शकतं कारण व्हेगस (हृदयाचा वेग कमी करणारी नस) तेवढी चपळ आहे. उलट दिशेला मात्र हा आरआर पुढच्याच सिस्टोलिकवर दिसणार. तयार टूलबॉक्स फक्त मागचे ठोके बघत असेल तर रिफ्लेक्सचा सगळ्यात वेगवान तुकडा हातातून जातो.

बीटबायबीट:
बेल्ट आहे, घालते. जुळवणी तुम्ही म्हणता तशीच आहे, फक्त त्याच ठोक्याचा टर्म वेगळा द्यावा लागेल. एस्टिमेटर कुठला घेऊ, लिनिअर (सरळ रेषेचं मॉडेल) की केएनएन (जवळच्या बिंदूंवरून मोजणारा)? एका अवस्थेचे साधारण 300 ठोके आहेत.

नाडीपरीक्षक:
300 मध्ये लिनिअरपासूनच सुरुवात करा. डेटा गॉशियन असेल तर ट्रान्सफर एन्ट्रॉपी म्हणजे ग्रेंजरच्या लॉग-रेशोच्या (दुसऱ्या सिरीजचे मागचे ठोके घातल्यावर लिनिअर अंदाजातली चूक किती घटते त्याच्या मापाच्या) निम्मी, हे 2009 सालीच सिद्ध झालंय, त्यामुळे लिनिअर म्हणजे कमी दर्जाचं असं काही नाही. केएनएन नंतर लावा, पण श्वास धरून डायमेन्शन वाढलं की इतक्या ठोक्यांत तो बायस खातो. सरोगेट (तुलनेसाठी मुद्दाम संबंध तोडलेला डेटा) दोन्हीला हवेत, एक सिरीज बरीच पुढे सरकवून केलेले चालतात. आणि युनिट लिहा हो, नॅचरल लॉग म्हणजे नॅट, अर्धे लोक तिथे बिट लिहून मोकळे होतात.

कफवाला:
बोटाच्या कफचं मशीन मध्येमध्ये स्वतःला कॅलिब्रेट करतं, तेव्हा काही ठोके प्रेशर सपाट होतं. हे इंटरपोलेट करून पुढे गेलात तर तिथे खोटी माहिती तयार होते. रेकॉर्डिंगच्या वेळी थोडं थांबून सेटिंग स्थिर झालं की ते बंद करा, जुना डेटा असेल तर सपाट भाग नसलेलीच विंडो निवडा. टिल्ट केल्यावरचा सुरुवातीचा भागही सोडा, तिथे मीन सरकत असतो. आणि हात हृदयाच्या पातळीला बांधलेला होता ना? टेबल उभं केल्यावर हात खाली लोंबला तर बोटातलं प्रेशर आपोआप जास्त दिसतं.

बीटबायबीट:
स्लिंगमध्ये होता. कॅलिब्रेशन मात्र चालूच आहे काही फाइल्समध्ये, त्या आज वेगळ्या काढते.