कॅमेरा शिकताना आधी काय: सिनेमांची सुरुवात उलगडणं की थेट चित्रीकरण?

चौकट:
चित्रीकरण शिकायला निघालेल्याने कॅमेऱ्याला हात लावण्याआधी काही आठवडे फक्त सिनेमांच्या सुरुवातीचे प्रसंग उलगडावेत, असं माझं ठाम मत आहे. आवाज बंद करायचा आणि शॉटगणिक नोंद करायची: किती सेकंद, क्लोज-अप (जवळून) की लाँग (लांबून), कॅमेरा किती उंचीवर, उजेड कुठून, आणि या शॉटमुळे आपल्याला नवं काय कळलं. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर तो शॉट आपल्याला समजलेलाच नाही.

सुरुवातच का? कारण तिथे प्रेक्षकाला काहीच माहीत नसतं. पुढे कथा आणि पात्रं हात देतात, इथे मात्र सगळा भार कॅमेऱ्यावर. हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) पाहा. कॅमेरा समोरच्या खिडक्यांवरून फिरून खोलीत येतो आणि ओळीने दाखवतो: प्लास्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, शर्यतीतल्या अपघाताचा फोटो, मासिकांचा गठ्ठा. हा फोटोग्राफर आहे, कामावर जायबंदी झालाय आणि घरात अडकून पडलाय, हे एकही संवाद न होता कळतं. आता क्रम उलटा करून बघा. आधी फोटो, शेवटी पाय. उत्तर आधी मिळतं आणि प्रश्न पडतच नाही. हे ज्याने कधी पाहिलेलं नाही, तो कॅमेरा मिळाल्याबरोबर डावीकडून उजवीकडे पॅन करत, म्हणजे जागेवरून नुसता कॅमेरा फिरवत सुटतो.

ट्रायपॉड:
अजिबात पटलं नाही. हात न चालवता केलेलं विश्लेषण चुकीचं असतं, आणि ते चुकलंय हे करणाऱ्याला कळतही नाही.

'द गॉडफादर' (१९७२) घ्या. अंधारातला एक चेहरा, तो बोलत राहतो आणि चौकट अतिशय सावकाश मोठी होत डॉनच्या खांद्यामागे येते. नवशिक्यांच्या वहीत इथे हमखास 'कॅमेरा मागे सरकतो' असं सापडतं. तो सरकत नाही, ते झूम आउट आहे: कॅमेरा जागेवरच, फक्त लेन्समधून दिसणारा भाग रुंदावत जातो. कॅमेरा सरकला की जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण बदलतं, झूममध्ये सगळंच एका मापाने लहान होतं. वाचून हे पाठ होईल, पण दिसणार नाही.

दिसण्यासाठी एक सराव करा. कुणाला तरी बसवा, मागे लांबवर एखादं झाड किंवा दार राहू द्या. आधी वाइड लेन्सने (जास्त रुंद भाग दाखवणाऱ्या) अगदी जवळ जाऊन चेहरा चौकटीत भरा. मग लांब जा, टेलि लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) लावा आणि चेहरा तेवढाच ठेवा. मागचं दार आता अंगावर आल्यासारखं वाटेल. हे हाताखालून गेलं की पुढचा प्रत्येक सिनेमा वेगळा दिसतो. म्हणून आधी कॅमेरा, वही नंतर.

लांब_शॉट:
ट्रायपॉड, तुमचा सराव उत्तम आहे, पण नुसत्या सरावाने काय होतं तेही मी रोज पाहतो. लेन्सचा अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, पूर्ण उघडायचा, मागचं सगळं धूसर करायचं आणि 'सिनेमॅटिक' म्हणायचं. सेकंदाला पंचवीस फ्रेम्स असतील तर शटर १/५० सेकंद उघडं ठेवायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण कथेच्या पहिल्याच शॉटमध्ये पात्र कुठे आहे, भोवती काय आहे, हेच पुसून टाकल्यावर सांगणार काय? कॅमेरा काय करू शकतो हे कळलं, काय करायला हवं हे कळलं नाही.

चौकट:
हेच म्हणायचं होतं. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चे छायालेखक सुब्रत मित्रा यांनी त्या सिनेमाआधी चित्रपटाचा कॅमेरा कधीच चालवला नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वारच्या 'द रिव्हर'चं चित्रीकरण ते जवळून पाहत, प्रकाशयोजनेच्या नोंदी आणि आकृत्या करून ठेवत. आधी पाहणं, नोंद, आणि मग कॅमेरा.

ट्रायपॉड:
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे! सुब्रत मित्रा सेटवर उभे राहून दिवा कुठे ठेवतात, कुठे हलवतात ते बघत होते. पडद्यावरच्या तयार प्रसंगात दिवा दिसत नाही. तिथे फक्त परिणाम दिसतो, तो कशामुळे झाला हे ओळखायला दिवा स्वतः हलवून पाहावा लागतो. शिवाय ते आधीपासून फोटो काढत होते.

पार्श्वध्वनी:
माझा आक्षेप वेगळाच आहे. आवाज बंद का करता? ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) एका सलग शॉटने सुरू होतो, तीन मिनिटांहून थोडा जास्त. गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि क्रेनवरचा कॅमेरा गर्दीतून त्या गाडीचा माग काढत राहतो. प्रदर्शित प्रतीत या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत होतं. वेल्स यांच्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये वॉल्टर मर्च यांनी सिनेमा पुन्हा संकलित केला, तेव्हा नावं काढली आणि रस्त्यावरच्या क्लबांतून, गाडीच्या रेडिओतून येणारं संगीत ठेवलं. चित्र तेच, पण आता गाडी गर्दीत हरवली तरी तिचा रेडिओ कानावर येतो आणि पोटात गोळा येतो. आवाज बंद करून तुम्ही या दोन प्रतींतला फरक वहीत कसा मांडणार?

चौकट:
मान्य, आणि हा मुद्दा मी उचलते. पहिल्या फेरीत आवाज बंद, दुसऱ्या फेरीत चित्र बंद करून फक्त ऐकायचं, तिसरीत दोन्ही. क्रमाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

ट्रायपॉड:
मग तुमच्या वहीतला एकच शॉट घ्या, 'रिअर विंडो'सारखा, खिडकीपासून खोलीतल्या वस्तूंपर्यंत, आणि मोबाइलवर काढा. खिडकीच्या उजेडातून आत आल्याबरोबर मोबाइल आपणहून एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा ते) बदलेल आणि मधेच चित्र भक्कन उजळेल. एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, तर खोली काळी पडेल. मग आत दिवा लावावा लागेल, तो काचेत दिसणार नाही अशी जागा शोधावी लागेल, आणि प्रत्येक वस्तूवर किती थांबायचं हे मनगटाला ठरवावं लागेल. यातली एकही अडचण तुमच्या रकान्यांत नाही. तुमच्या शिकणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात हा शॉट काढायला द्या, आणि त्यांच्या वह्या त्यानंतर तपासा.