हिमालयातला पक्षीनिरीक्षणाचा एक दिवस : तुमचे अनुभव

हिमालयात स्थानिक गाईडबरोबर पक्षी-प्राणी बघत घालवलेला एखादा दिवस इथे लिहा. किती पक्षी झाले याची यादी नसली तरी चालेल. त्या माणसाने काय दाखवलं आणि कसं दाखवलं, ते मात्र सविस्तर येऊ द्या. सुरुवात मी करते.

एप्रिल, उत्तराखंडातलं चोपता. पहाटे अंधारातच निघालो. वर तुंगनाथचं मंदिर, ३,६८० मीटरवर. त्यामुळे चढायचं आहे अशीच मनाची तयारी होती. पण गाईडदादा अर्ध्या तासात शे-दोनशे पावलंच चालले असतील. सारखे थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे. मग खालून एक लांब शिट्टी आली. "मोनाल. अभी हिलना नहीं." उतारावर बर्फ वितळून ओली झालेली माती एक पक्षी चोचीने उकरत होता, कंदमुळांसाठी. सावलीत काळपट कोंबडाच वाटला. ऊन सरकत त्याच्या पाठीवर आलं आणि हिरवा, निळा, जांभळा सगळे रंग एकदम उमटले. मानेमागचा रंग तर चिंच लावून नुकत्याच घासलेल्या कळशीचा! चोचीला चिखल लागलेला, डोक्यावरचा तुरा हलतोय. मग तो ओरडत दरीत झेपावला. पाठीवरचा पांढरा पट्टा आणि तांबूस शेपूट तेवढी दिसली. दादा हळूच म्हणाले, "मादी देखी?" पांढऱ्या गळ्याची मादी इतका वेळ आमच्या अगदी जवळ, गवतात बसून होती. मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, याची रुखरुख अजून आहे.

*

आमचा दिवस कुमाऊंतल्या पंगोटचा. मे महिना होता. आमच्यातल्या एकाने मोबाईलवर कोकलास या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा आवाज लावायचा आग्रह धरला. गाईडने स्पष्ट नकार दिला. विणीचा हंगाम आहे, दुसरा नर आला समजून नर भांडायला धावून येतो, त्यात त्याचा खाण्याचा आणि राखणीचा वेळ जातो, असं त्याने समजावलं. कोकलास दिसला नाही. पण त्याच्या त्या नकाराबद्दल मला आजही आदर वाटतो. परतताना ओकच्या झाडीतून चार सुरांची हाक येत होती. तो म्हणाला, "काफल पाको." आपल्याकडे पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, तसं कुमाऊंत हा कोकीळकुळातला पक्षी काफळं, म्हणजे तिथली रानफळं, पिकल्याचं सांगतो. ऐकून एकदम घरच्यासारखं वाटलं.

*

लडाख, फेब्रुवारी. दुर्बीण धरून बोटं बधिर झालेली. आम्ही हिमबिबट्यासाठी कडेकपारी धुंडाळत होतो, प्राणी शोधून देणारा स्पॉटर मात्र भरलांच्या, म्हणजे रानमेंढ्यांच्या, कळपाकडे बघत बसला होता. दुपारी सगळ्या भरलांनी चरणं थांबवून एकाच दिशेला माना वळवल्या. त्याने स्कोप तिकडे फिरवला. खडकावर नुसती जाड, लांब शेपूट लोंबत होती. हिमबिबट्याचं बाकीचं अंग दिसायला पुढे तासभर गेला.

*

मी अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्याबद्दल लिहितो, कारण त्यात पुण्याचा धागा आहे. तिथला बुगुन लिओसिकला हा छोटा पक्षी १९९५मध्ये पहिल्यांदा पाहिला तो रमण अत्रेय यांनी. पेशाने खगोलशास्त्रज्ञ, तेव्हा पुण्यात काम करत. २००६मध्ये त्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, तेही पक्षी न मारता. जाळ्यात आलेल्या पक्ष्यांची गळलेली पिसं आणि फोटो यांच्या आधारे. पक्ष्याला नाव मिळालं तिथल्या बुगुन या आदिवासी लोकांचं. याच लोकांनी २०१७मध्ये सिंगचुंगजवळचं आपलं १७ चौरस किलोमीटर जंगल राखीव केलं.

आमचा गाईड बुगुनच होता. लामा कॅम्पजवळच्या एका वळणावर आम्ही सकाळभर उभे होतो. धुकं येत-जात होतं. किरकोळ पक्ष्यांचा एक मिश्र थवा गेला आणि त्याच्या मागोमाग तो आला: काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा डाग, पंखात लाल-पिवळं. मी कॅमेरा उचलणार, तेवढ्यात गाईडने माझ्या मनगटावर हात ठेवला. "पहले आँख से." चारपाच सेकंद असतील. दुपारी पुन्हा तिथेच जाऊन उभे राहिलो. दिसलं काहीच नाही, पण खालच्या बांबूतून त्याचा आवाज दोनदा आला, आणि दोन्ही वेळा गाईडने नुसती मान हलवली.