फ्रान्सच्या समुद्राकाठी मोजकेच दिवस : तुम्ही कुठलं गाव निवडलंत? (अनुभव धागा)

मंडळी, पॅरिसजवळ राहत असल्यामुळे उन्हाळा आला की भारतातून, लंडनहून, जर्मनीतून नातेवाइकांचे फोन सुरू होतात, पॅरिस झालं की तीन-चार रात्री समुद्रावर काढायच्यात, गाव कुठलं घेऊ? आणि मागोमाग फोटो येतात, निळंशार पाणी, पांढरे कडे, तटबंदी, रंगीत होड्या, सगळं फ्रान्समधलंच पण नीस आणि सँ मालो यांच्यात हजारेक किलोमीटर अंतर आहे हे फोटोत दिसत नाही. दक्षिणेला भूमध्य, पश्चिमेला अटलांटिक, वर इंग्लिश खाडी, तिन्हीकडचं पाणी, वारा, जेवण सगळंच वेगळं.

म्हणून हा धागा. बघण्यासारख्या ठिकाणांची यादी नेटवर ढिगानं मिळते, ती नको. कुठे राहिलात, बरोबर कोण होतं, गाडी होती का, संध्याकाळी सातनंतर त्या गावात काय केलंत, ते लिहा. सुरुवात मीच करते.

आम्ही सासूबाईंना घेऊन नीसला राहिलो. त्यांचे गुडघे दुखतात, मांसाहार करत नाहीत आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही डोंगरातल्या वळणांवर गाडी चालवायची हौस नाही, एवढ्या तीन गोष्टींवर नीस ठरलं. विमानतळावरून ट्राम थेट गावात येते, आणि स्टेशनवरून किनाऱ्यालगत जाणाऱ्या लोकल गाड्या, विलफ्रांश सात-आठ मिनिटं, मोनॅको वीस-पंचवीस, आंतिब तेवढंच. त्यामुळे बॅगा एकदाच उघडायच्या आणि रोज सकाळी ठरवायचं कुठे जायचं ते.

पण नीसमध्येही कुठे राहता याला फार महत्त्व आहे. जुन्या नीसमधली घरं फोटोत गोड दिसतात, पण बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही, जिने अरुंद आणि खाली रात्री उशिरापर्यंत बार चालू. आम्ही मासेना चौकाच्या मागे लिफ्ट असलेली जागा घेतली, तिथून समुद्र आणि जुनं गाव दोन्ही चालत. किल्ल्याच्या टेकडीवर (किल्ला आता नाही, चौदाव्या लुईनं १७०६मध्ये पाडला) जायलाही लिफ्ट आहे, फुकट, त्यामुळे सासूबाई वर आल्या आणि अख्खा उपसागर बघत कितीतरी वेळ बसून राहिल्या. दुसरी त्यांची आवडती जागा म्हणजे प्रोमनाडवरच्या, म्हणजे समुद्रालगतच्या फिरायच्या रस्त्यावरच्या, निळ्या खुर्च्या.

खाण्यात सोक्का. काबुली चण्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेलाचा, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेला, कडेला करपलेला आणि मधे मऊ, वरून काळी मिरी. अगदी आपलं बेसनाचं धिरडं! सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, यात ओवा पाहिजे होता. कूर सालेयाचा भाजी-फुलांचा बाजार सोमवारी नसतो, त्या दिवशी जुन्या वस्तू असतात, तेव्हा त्याप्रमाणे दिवस लावा.

एक गोष्ट मुलं असतील तर आधीच सांगून ठेवते, नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या.

*

धागा छान. नीस सोयीचं आहे याबद्दल वाद नाही पण मला तरी समुद्राकाठी जाऊन परत शहरातच राहायचं, ट्राम, ट्रॅफिक, मॉल, हे पटत नाही. आम्ही दोघंच होतो आणि विलफ्रांशला राहिलो. स्टेशनच्या बरोबर खाली किनारा, अक्षरशः जिना उतरला की पाणी, आणि खाडी खोल आत असल्यामुळे लाटा जवळजवळ नाहीत. सकाळी नीसहून येणाऱ्या गाड्या भरायच्या आत आमचं पोहून व्हायचं. संध्याकाळी क्रूझवाले बोटीवर परत गेले की गाव एकदम आपलं होतं, बंदरावरच्या रस्त्यानं चालायचं, मग र्यू ऑब्स्क्यूर नावाची तेराव्या शतकातली झाकलेली गल्ली आहे, वर घरं आणि खाली बोगद्यासारखा रस्ता, तिथून वर चढायचं.

मात्र चढायचं म्हणजे चढायचंच. गाव पूर्ण उतारावर आहे, पायऱ्याच पायऱ्या. गुडघेवाल्यांना नको, तिथे धागाकर्तीचं बरोबर आहे.

आणि एझ बघायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एझचं रेल्वे स्टेशन खाली समुद्राला लागून आहे आणि फोटोतलं जुनं गाव वर कड्यावर, चारशे मीटरहून उंच. नीसहून बसनं वर जा आणि हवं तर पायवाटेनं खाली उतरा.

*

वरच्या दोघांनाही +१, पण त्याच रेल्वेलाईनच्या टोकाचं मांतों कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आईबाबांना घेऊन गेलो होतो, दोघं सत्तरीपुढचे. किनाऱ्याचा रस्ता सपाट, लांबलचक, बाकं भरपूर, गर्दी नीसच्या मानानं कमी आणि इटली इतकी जवळ की व्हेंतिमिल्याला शुक्रवारच्या बाजाराला जाऊन दुपारी परत. पासपोर्ट जवळ ठेवा, शेंगेन असलं तरी येताना मांतोंच्या बाजूला पोलीस गाडीत चढून तपासतात, आमचा तपासला.

बाबांना इतिहासाची आवड, त्यांना हे फार आवडलं की नीस १८६० साली फ्रान्समध्ये आलं आणि मांतों १८६१ साली मोनॅकोच्या राजाकडून विकत घेतलं गेलं. त्यामुळे घरांचे रंग, चर्च, जेवण सगळं अर्धं इटालियन.

*

सगळे दक्षिणेलाच चाललेत! पॅरिसमध्ये पाच-सहा दिवस असाल आणि मधले दोनच दिवस समुद्राला द्यायचे असतील तर नीससाठी टीजीव्हीत (वेगवान रेल्वेत) साडेपाच-सहा तास जाणार आणि तेवढेच यायला. आम्ही नॉर्मंडीत त्रुव्हिलला राहिलो, पॅरिसच्या सँ लाझार स्टेशनवरून दोन तासांच्या वर थोडं. स्टेशन त्रुव्हिल आणि दोव्हिल दोघांचं एकच आहे, मधे तूक नदी, पलीकडे दोव्हिल म्हणजे घोडे, कॅसिनो, महागडी दुकानं आणि लाकडी फळ्यांचा रस्ता ज्याच्या कठड्यांवर हॉलिवूडवाल्यांची नावं, अलीकडे त्रुव्हिल म्हणजे मासळीबाजार आणि साधी हॉटेलं. किनारा दोन्हीकडे वाळूचा आणि रुंद. राहा त्रुव्हिलला, फिरायला दोव्हिलला जा, हे माझं ठाम मत.

इथे मुलांनी जे केलं ते आम्ही ठरवून करवू शकलो नसतो. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की ओल्या वाळूचं मैदानच तयार होतं, त्यात ती दोघं बादल्या घेऊन शिंपले वेचत बसली, भरती आली की किल्ला वाचवायला चर खणायचे आणि हरले की मागे सरकून नवीन किल्ला. पाणी थंड, ऑगस्टमध्येसुद्धा, पण त्या वयाला काही वाटत नाही.

एत्रेताचे पांढरे कडे सगळ्यांना हवे असतात. मुद्दाम सांगते, एत्रेताला रेल्वे नाही, ल हाव्रपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. गाडी असेल तर तिथे एक रात्र राहणं मस्त, कारण दिवसा येणारे लोक संध्याकाळी निघून जातात. गाडी नसेल तर मुलं आणि बॅगा घेऊन मुक्कामाला जाऊ नका. ओंफ्लरलाही रेल्वे नाही, पण दोव्हिलहून बसनं अर्धा दिवस पुरतो, जुनं बंदर आणि ते लाकडी चर्च, ज्याचा घंटेचा मनोरा रस्त्याच्या पलीकडे वेगळा उभा आहे.

*

मी मूळची दापोलीकडची, भरती-ओहोटी तिथीवरून सांगणाऱ्या घरातली, त्यामुळे मला ब्रिटनीतलं, तटबंदीनं वेढलेलं सँ मालोच हवं होतं आणि मी हट्टानं तेच घेतलं. मुंबईत पाच मीटरच्या आसपास भरती आली की पेपरात बातमी येते ना, इथे मोठ्या उधाणाला ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात बारा-तेरा मीटरचा फरक पडतो. हॉटेलवाल्या बाईंनी चेक-इनच्या वेळी किल्लीबरोबर भरतीच्या वेळांचा कागद दिला, आणि पुढचे सगळे दिवस आमचं घड्याळ तोच कागद.

बॉन सेकूरच्या किनाऱ्यावर समुद्रातच बांधलेला पोहण्याचा तलाव आहे, त्याला उडी मारायचा उंच कट्टा. ओहोटीला तलावात पाणी अडून राहतं, पोरं त्यात डुंबत असतात आणि आजूबाजूला वाळू. मग पाणी चढायला लागतं, आधी भिंतीच्या कडेवरून पातळ पापुद्रा आत येतो, मग भिंत जाते, मग तलावच नाहीसा होतो आणि नुसता तो कट्टा पाण्यात उभा. आम्ही तटावर बसून हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं, नवरा आधी कंटाळेल असं वाटलं होतं पण तोच मला उठू देईना.

समोरच्या ग्राँ बे बेटावर ओहोटीला चालत जाता येतं. पाणी वाढायला लागलं की वेळेत परत फिरा, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच अडकाल.

राहायला तीन पर्याय. तटाच्या आत सुंदर पण महाग, आणि बॅगा दगडी रस्त्यावरून ओढत न्याव्या लागतात. स्टेशनजवळ स्वस्त आणि कोरडं. आम्ही सियोंच्या लांब किनाऱ्यावर राहिलो, तटबंदीपर्यंत किनाऱ्यानं चालत जायचं, परत यायचं, तेच रोजचं फिरणं. तटाच्या आतलं गाव ऑगस्ट १९४४मध्ये बहुतेक सगळं उद्ध्वस्त झालं होतं आणि नंतर लोकांनी जुन्या रूपातच परत उभं केलं, हे कळल्यावर त्या भिंतींकडे बघायची नजर बदलते.

शाकाहारींनो, ब्रिटनीत उपाशी राहात नाही. कुट्टूच्या पिठाचे गालेत (पातळ धिरडी) मिळतात, मशरूम, चीज, पालक घालून. हॅम नको असेल तर ऑर्डर देतानाच ‘साँ जाँबों’ म्हणा. कुट्टूचं पीठ म्हणजे उपासालाही चालतं असं आई म्हणाली, अंडं-बिंडं नसेल तर!

पॅरिसहून थेट टीजीव्ही आहे, काही गाड्यांना रेनला बदलावं लागतं.

*

मार्सेय. इथे राहण्याचं माझं कारण अगदी मराठी आहे. ८ जुलै १९१०ला सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी मारली ते मार्सेलिस बंदर बघायचं होतं, शाळेत वाचल्यापासून. फ्रेंच भूमीवर पोचूनही पोलिसांनी त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केलं, मग प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि १९११मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूनं लागला, हे सगळं मी माझ्या मुलीला तिथे बंदरावर उभं राहून सांगितलं. १९१४च्या सप्टेंबरात पहिल्या महायुद्धासाठी आलेलं हिंदी सैन्यही इथेच उतरलं, माझार्गच्या युद्धस्मशानात त्यातल्या अनेकांची स्मृती आहे. शांत, नीट ठेवलेली जागा. मराठी माणसानं दक्षिण फ्रान्सला जाऊन इथे एक सकाळ द्यावी असं मला मनापासून वाटतं.

राहायचं तर व्ह्यू पोर या जुन्या बंदराच्या जवळ, मेट्रो पायाशी. पॅरिसहून टीजीव्हीनं सव्वातीन-साडेतीन तास. शहर गजबजलेलं आहे, काही भाग अस्वच्छ आहेत, खिसा-पाकीट सांभाळायचं, सगळ्यांनाच ते आवडेल असं नाही. माझ्या बायकोला कासी जास्त आवडलं, लहानसं बंदर, वर काप कानायचा प्रचंड लालसर कडा, आणि पोर मिऊचं कालांक (कड्यांमधे शिरलेली अरुंद खाडी) गावातून चालत. पण कासीचं स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर वर आहे, सामान असेल तर बस धरा.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं : जून ते सप्टेंबर वणव्याच्या भीतीनं कालांकचे रस्ते एखाद्या दिवशी बंद असतात, आदल्या संध्याकाळी कळतं. सुजिताँ नावाच्या कालांकला तर उन्हाळ्यात आधी बुकिंग लागतं, फुकट आहे पण लागतं. आणि मिस्त्राल वारा सुटला तर बोटी रद्द. त्यामुळे कालांक पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे हुकलं तर पुढचा दिवस हाताशी राहतो.

*

अटलांटिकवाले कोणीच नाही? सँ जाँ द ल्यूझ. बियारित्झला लाटा जबरदस्त, सर्फिंग शिकायचं असेल तर जरूर राहा, पण लहान मुलं असतील तर सँ जाँच, कारण उपसागराच्या तोंडाशी तीन बांध घातलेत आणि आत पाणी शांत. किनारा, बाजार, स्टेशन सगळं चालत. चौदाव्या लुईचं लग्न १६६०मध्ये इथल्या चर्चमध्ये झालं. आणि आंदाईला जाऊन पलीकडची छोटी ट्रेन पकडली की स्पेनमधलं सान सेबास्तियान, दिवसभराची मस्त चैन. पाऊस मात्र कधीही येतो, जाकीट हवंच.

*

सगळ्यांचे आभार, किती वेगवेगळे अनुभव आले. एक भर घालते, कुठल्याही गावात दुपारी दोन-अडीचनंतर बऱ्याच रेस्टॉरंटची किचन बंद होतात ती थेट सात-साडेसातला उघडतात, आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, वरणभाताची सोय होते. ‘काराफ दो’ मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं.

*

आम्ही फेब्रुवारीत येतोय, समुद्रात जायचं नाही, फक्त ऊन हवंय. काय घेऊ?

*

मांतों! फेब्रुवारीत लिंबांचा उत्सव असतो, संत्री-लिंबांचे मोठमोठे देखावे रचतात, आणि त्याच सुमारास नीसचा कार्निव्हल. दोन्हीच्या तारखा बघून मगच हॉटेल घ्या, शनिवार-रविवारी जागा मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ गारठा असतो, दुपारी मात्र उन्हात स्वेटर काढून बसता येतं. आईबाबा बरोबर असतील तर सांगा, आम्ही राहिलो होतो त्या भागात कुठली गल्ली सपाट आहे ते लिहितो.