शब्दचर्चा: पंप ‘बसवला’ की पंप ‘बसला’?

होटगी रोडचा मास्तर

मंडळी, एका वाक्यावर अडलोय. आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत कामाचा कागद लिहितोय. गाडी सोलापुरातली नाही. चुलतभाऊ जर्मनीत असतो, त्याच्याकडे १९८६ सालची पोर्श ९४४ टर्बो आहे. तिच्या टर्बोत (बाहेर पडणाऱ्या गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं द्रव, फिरवणारा छोटा इलेक्ट्रिक पंप जुना झाला म्हणून तो सुट्टीत बदलणार आहे. त्यानं सगळी कृती लिहून पाठवली. म्हटलं, पोरांना ती गाडी बघायला मिळणार नाही, पण काम तर समजेल. टर्बो काय, आता साध्या हॅचबॅकलाही आलाय.

माझं वाक्य असं झालंय: ‘शीतलक पंप प्रतिस्थापित करून त्याची स्थाननिश्चिती करावी.’ बायकोनं वाचलं आणि विचारलं, कुठल्या देवाची प्रतिष्ठापना आहे?

बोलताना आपण सरळ ‘पंप बसवला’ म्हणतो. पण कुठं बसवला, कसा बसवला, तोंड कुठं केलं, यातलं काहीच ‘बसवला’त येत नाही. आणि या कामाची सगळी मेख तिथंच आहे. सुचवा.

अक्कलकोट रोड, गॅरेजवाला

मास्तर, आधी पंप कुठला ते लिहा. या गाडीला पंप दोन. मोठा इंजिनाच्या पुढच्या अंगाला, टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्हची वेळ राखणारा पट्टा) पाठीवर फिरणारा. त्याला आपल्याकडं ट्रॅक्टरपासून ट्रकपर्यंत सगळे वॉटर बॉडी म्हणतात. दुसरा तुमचा छोटा, विजेवरचा. तुम्ही नुसतं ‘कूलंट पंप बदला’ लिहिलं की पोरगं वॉटर बॉडी खोलायला घेणार, म्हणजे बेल्ट उतरवणार. ९४४ च्या इंजिनात बेल्ट चुकीचा चढला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. कागदावरच्या एका शब्दापायी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायची पाळी यायची.

मोठ्याला वॉटर बॉडी, छोट्याला टर्बोची मोटार. आम्ही मोटारच म्हणतो, वायर जाते ना त्याला.

आणि ते प्रतिस्थापित काढून टाका बघू. जुना काढला, नवा टाकला. क्लचप्लेट टाकली, बॅटरी टाकली, तसा पंप टाकला.

सात रस्ता, मराठी शिकवणारी

दादा, ‘टाकणे’ गॅरेजात एकदम चपखल आहे, पण लिहिताना घात करेल. ‘पंप टाकून पाईप जोडा’ यात पंप आत घातला की भंगारात फेकला? समोर माणूस उभा असला की हातवाऱ्यावरून कळतं. कागदाला हात नसतात. तुमच्याच वर लिहिलेल्या ओळीत बघा, ‘प्रतिस्थापित काढून टाका’ आणि ‘नवा टाकला’ शेजारीशेजारी आलेत!

‘बसवणे’च ठेवा मास्तर, फक्त एक पथ्य पाळा. बसवणे हे बसण्याचं प्रयोजक रूप, आणि मूळ ‘बसणे’ यंत्राच्या बाबतीत भलतंच बोलतं. आवाज बसला, धंदा बसला, इंजिन बसलं. ‘पंप नीट बसला’ म्हणजे काम झालं, ‘पंप बसला’ म्हणजे काम लागलं. सगळा भार त्या ‘नीट’वर. तेव्हा कागदावर कायम ‘बसवला’, ‘बसवावा’. नुसतं ‘बसला’ कुठंही नको.

शीतलक, शीतक हे शब्द अर्थानं बरोबर आहेत, पण तिसरा ‘प्रशीतक’ लगेच मागून येतो आणि तो तर एसीतला, फ्रिजमधला गॅस. मुलं तिन्हींची भेळ करतील. कूलंट लिहा.

अक्कलकोट रोड, गॅरेजवाला

ताईंचं पटलं. कूलंटबद्दल माझीही एक भर. लोक ‘रेडिएटरचं पाणी’ म्हणतात. आम्हीपण म्हणतो. कागदात मात्र ‘पाणी’ लिहू नका, नाहीतर पोरगं बोअरचं पाणी ओतेल. त्यातला क्षार टर्बोच्या बारीक वाटेत बसतो. (हा ‘बसतो’ तिसराच बरं का ताई.) कूलंट म्हणजे निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं ग्लायकॉल. सोलापुरात गोठायची भीती कुणाला, पण उकळायचा बिंदूही चढतो ना, आणि आतून गंज धरत नाही.

मोहोळ, शेतीवाला

मला गाड्यांतलं कळत नाही, पण पंप आयुष्यभर ओढलेत. तुम्ही ‘कुठं बसवला’ म्हणताय त्याला आमच्याकडं एकच कसोटी: पाणी धरतो का? विहिरीच्या काठावरची मोटार चालू केली, नुसतीच घूं घूं करते आणि पाईप कोरडा, म्हणजे मोटारीनं पाणी सोडलं. आत हवा शिरली. पंख्याला पाणी फेकता येतं, हवा ओढता येत नाही. मग फुटव्हॉल्व्ह (पाईपच्या तळाची झडप) बघा, वरून पाणी भरा.

गंमत अशी की ‘उसाला पाणी सोडलं’ म्हणजे पाणी गेलं पिकात, काम झालं. ‘मोटारीनं पाणी सोडलं’ म्हणजे खोळंबा. तेव्हा मास्तर, ‘कूलंट सोडा’ असं लिहिणार असाल तर जपून.

होटगी रोडचा मास्तर

काका, हे लाखातलं. मी खरंच ‘कूलंट सोडावे’ लिहिलं होतं. ‘खालच्या भांड्यात काढून घ्यावे’ केलं.

पण मूळ अडचण तशीच आहे. जागा, स्थान, बैठक, ठेवण... यातलं काय?

पूर्व भाग, जुना जॉबर

सेटिंग लिहा की. मागावर जन्मभर सेटिंगच केली आम्ही.

अक्कलकोट रोड, गॅरेजवाला

मामा, सेटिंग म्हणजे जे पुढंमागं करता येतं ते. टॅपेटची सेटिंग, मागाच्या धोट्याची सेटिंग. हा पंप एकदा लावला की स्क्रू फिरवून जमवायचं काही नाही. चुकला तर पुन्हा काढायचा.

मास्तर, तुम्ही तीन गोष्टी एका शब्दात कोंबताय म्हणून अडताय. वेगळ्या करा.

पहिली जागा. ९४४ टर्बोत एक्झॉस्ट (जळलेला गॅस बाहेर नेणारी वाट) इंजिनाच्या उजव्या अंगाला आणि टर्बो मात्र डाव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली. मागच्या बाजूनं पाईप फिरवून गॅस इकडं आणलाय. म्हणजे हात घालायला जागा नाही, आणि धग भरपूर. पंप धगीपासून लांब हवा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो एक्स्पान्शन टाकीतल्या कूलंटच्या पातळीच्या खाली हवा. मोहोळच्या काकांनी सांगितलं ते हेच. खाली असला की कूलंट आपणहून त्याच्यात उतरतं. वर टांगला की हवा धरतो, आणि कोरडा फिरला की त्याचं सील आणि बेअरिंग लवकर जातं.

दुसरी बैठक. ही ब्रॅकेटची. आपल्याकडं मोटारीची बैठक म्हणतातच, नवा शब्द शोधू नका. बैठक रबरावर हवी, नाहीतर पंपाचा कंप बॉडीत उतरतो आणि गाडी बंद केल्यावर घुरघुर ऐकू येते. क्लॅम्प पंपाच्या प्लास्टिकला चेपेल इतका आवळायचा नाही.

तिसरी तोंड. पंपाला तोंडं दोन. मधल्या तोंडातून कूलंट आत येतं, कडेच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. दोन्ही नळ्या सारख्याच जाडीच्या दिसतात, त्यामुळं उलटी जोडायची चूक फार सोपी. अंगावर बाण असेल तर बाण बघा, नसेल तर मधलं आणि कडेचं ओळखा. कडेचं तोंड वरच्या अंगाला ठेवायचं, म्हणजे आत अडकलेला बुडबुडा निसटतो. होसला मध्येच कुबड येऊ द्यायचं नाही, हवा नेमकी तिथं जाऊन बसते. आणि टर्बोतलं गरम कूलंट मुळातच वर चढत असतं. पंपानं त्याच वाटेनं ढकलायचं, आडवं जायचं नाही.

सात रस्ता, मराठी शिकवणारी

जागा, बैठक, तोंड. तिन्ही शब्द घरचे आहेत आणि तिन्हींची कामं वेगळी. ‘ठेवण’ मला मनापासून आवडतो, पण ती चेहऱ्याला आणि वाड्याला शोभते. ‘पंपाची ठेवण’ म्हटलं की पंप सुबक आहे असं वाटतं.

एक विचारते. इंजिन बंद केल्यावरही हा पंप चालतो ना? त्याला काय लिहिलंय?

होटगी रोडचा मास्तर

‘उत्तरचलन पंप’. हसू नका.

अक्कलकोट रोड, गॅरेजवाला

हसलो. काम काय ते बघा, शब्द आपोआप निघेल. पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टचा गॅस जोरात चालवताना ९०० अंशांच्या वर जातो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर. तुम्ही चावी फिरवली, इंजिन थांबलं, ऑइलचा पंप थांबला, वॉटर बॉडी थांबली. टर्बाइनच्या (टर्बोतला गॅसवर फिरणारा पंखा) घरातली धग मात्र तिथंच. ती बेअरिंगकडं सरकते, थांबलेलं कूलंट उकळायला लागतं आणि ऑइल जळून कोळसा धरतो. म्हणून ही मोटार बॅटरीवर आणखी थोडा वेळ कूलंट फिरवत राहते. ट्रकवाले गाडी उभी केल्यावर एकदोन मिनिटं इंजिन स्लोवर ठेवतात ते याच्यासाठीच. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढं असताना बॉनेटखाली काय होत असेल बघा.

सात रस्ता, मराठी शिकवणारी

मग ‘निवणे’ आहे ना आपल्याकडं! भात निवतो, दूध निवतं. ‘गार करणे’ म्हणजे बाहेरून जोर लावून, झटक्यात. ‘निवणे’ आपल्या गतीनं, धग हळूहळू उतरत. गरम टर्बोवर गार पाणी मारणं वेगळं आणि टर्बो निवू देणं वेगळं. ‘टर्बो निवेपर्यंत चालणारा पंप’ असं लिहा. नाव लांब झालं तर होऊ द्या.

पूर्व भाग, जुना जॉबर

आमच्या घरी ‘निवलं की खा’ रोज ऐकतो. पोरांना कळंल.

विजापूर रोड, गाड्यांचा नाद

‘वॉटर बॉडी’बद्दल एक शंका. बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनाला, ट्विन टर्बो सहा सिलिंडर, मुख्य पंपच इलेक्ट्रिक आहे. बेल्ट नाही, पुली नाही. तिथं काय म्हणायचं? हवा काढायची रीतही वेगळी: इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरमवर, पंखा सगळ्यात कमी, अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरायचा. मग पंप आपला आपण बारा मिनिटांच्या आसपास चालतो आणि हवा बाहेर काढतो. इंजिन बंदच असतं.

अक्कलकोट रोड, गॅरेजवाला

त्याला ‘मोठी मोटार’ म्हणा, अजून काय. शब्द गाडीबरोबर बदलणारच. बाकी ‘हवा काढणे’ मात्र दोन्हीकडं तेच. ९४४ ला हातानं काढायची: हीटर उघडा ठेवून, इंजिनावरचा ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून सलग कूलंट येईपर्यंत. ‘टायरची हवा काढली’शी कुणी घोळ करणार नाही.

होटगी रोडचा मास्तर

आता हे वाचा:

‘टर्बो निवेपर्यंत चालणारा छोटा पंप काढून नवा बसवावा. (वॉटर बॉडीला हात लावू नये.) पंपाची जागा कूलंटच्या पातळीखाली आणि एक्झॉस्टपासून दूर असावी. बैठक रबरावर घ्यावी. मधले तोंड आत येणाऱ्या नळीला, कडेचे तोंड बाहेर जाणाऱ्या नळीला जोडावे; कडेचे तोंड वर राहील असे बघावे. शेवटी हवा काढावी.’

अक्कलकोट रोड, गॅरेजवाला

झकास. फक्त सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात आणखी एक वाक्य घाला: इंजिन पुरतं निवल्याशिवाय टाकीचं झाकण उघडू नये. आत दाब असतो. झाकण सुटलं की उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. आणि ते ‘पुरतं’ खोडू नका.